घडीतला लाल चट्टा: घरातल्या ज्येष्ठांचा सोरायसिस कसा ओळखावा

सोरायसिस म्हटलं की कोपरावर, गुडघ्यावर चढलेली जाड पांढरी खपली डोळ्यांसमोर येते. तोच आजार काखेत, जांघेत, स्तनांखाली किंवा नितंबांच्या फटीत, म्हणजे कातडीच्या घडीत आला तर ती खपली बहुतेक दिसतच नाही. तिथं घाम आणि घर्षण एवढं असतं की पापुद्रा धरायच्या आतच निघून जातो. उरतो तो गुळगुळीत, चकचकीत, लालसर चट्टा. मग घरचे म्हणतात घामानं झालंय, मेडिकलवाला म्हणतो गजकर्ण आहे, आणि महिनोन् महिने नुसत्या ट्यूबा बदलत राहतात.

हा आजार तरुणपणीच सुरू होतो असंही नाही. विशी-तिशीत त्याची एक लाट असते आणि पन्नाशी-साठीच्या आसपास दुसरी. त्यामुळं ‘आयुष्यभर कातडीला काही झालं नाही, आता सत्तरीत कुठला सोरायसिस’ हे म्हणणं टिकत नाही.

निदान डॉक्टरच करणार. पण ते किती लवकर होईल, हे बरंचसं घरच्यांच्या हातात असतं. त्यांनी काय बघितलं, काय विचारलं आणि काय लावायचं टाळलं, यावर पुढचं सगळं अवलंबून राहतं.

आधी बोलणं काढा

सगळ्यात अवघड पायरी हीच. साठ-सत्तर वर्षांच्या बाईला सुनेसमोर ‘जांघेत आग होते’ असं म्हणायचा संकोच वाटतो, आणि आबांना तर मुलासमोरही. ‘काय न्हाई गं, घामोळं आलंय’ यावर विषय संपतो. म्हणून थेट विचारण्याआधी वागण्याकडे बघा. पाय फाकवून चालणं, पावडरचा डबा लवकर संपणं, आतले कपडे स्वतःच गुपचूप धुणं, अंघोळीला नको म्हणणं, रात्री सारखी कूस बदलणं, आतल्या कपड्यावर रक्ताचा किंवा पिवळट ओलीचा डाग. यातलं काही दिसलं की समजावं, आत काहीतरी चिघळतंय.

विचारताना ‘काही त्रास आहे का’ असं मोघम विचारू नका, उत्तर ‘नाही’ येणार. ‘आत्या, पावसात कापडं वाळंनात, काखेत-मांडीत कुठं काचतंय का?’ असं विचारलं तर बोलायला वाट मिळते. बघायचं कोणी, हे त्यांनाच ठरवू द्या. आईला मुलगी चालेल, सून चालणार नाही. वडिलांना मुलगा चालेल किंवा फक्त आईच. घरात कोणीच नको असेल तर ओळखीच्या नर्सबाईंना बोलवा. जबरदस्तीनं एकदा बघितलंत तर पुढच्या वेळी काहीच कळू देणार नाहीत.

बघायची वेळ आणि पद्धत

ट्यूबलाइटच्या उजेडात लाल-तपकिरीतला फरक कळत नाही. सकाळी, खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बघा. आदल्या रात्रीपासून तिथं पावडर, तेल, हळद, मलम काहीच नको. अंघोळ झाल्या झाल्या बघू नका, गरम पाण्यानं सगळीच कातडी लाल दिसते. तासभर जाऊ द्या.

हातमोजे घाला, घडी हलकेच उचला आणि तळापर्यंत बघा. घडीची कातडी ताणून बघू नका. तिथं भेग असेल तर ती उघडते आणि चांगलंच दुखतं. त्यांची परवानगी असेल तर मोबाइलवर दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक थोडा लांबून, म्हणजे चट्टा नेमका कुठं आहे ते कळेल. फोटो घरच्या ग्रुपवर जाणार नाही याची खात्री त्यांना द्या आणि ती पाळा. दवाखान्यात नेमकं त्या दिवशी चट्टा फिका असतो, तेव्हा हे फोटो कामाला येतात.

बघायच्या जागा अशा: दोन्ही काखा, स्तनांखालची घडी, सुटलेल्या पोटाखालची घडी, बेंबी, दोन्ही जांघा, जननेंद्रियांचा भाग, नितंबांची फट आणि कानामागची खाच. बेंबी आणि नितंबांची फट या दोन जागा हमखास राहून जातात, आणि सोरायसिसला त्याच जास्त आवडतात.

चट्ट्यात काय बघायचं

पहिली गोष्ट कड. सोरायसिसच्या चट्ट्याची कड बहुधा स्पष्ट असते. इथं आजारी कातडी संपली आणि इथून चांगली सुरू झाली, असं बोट ठेवून दाखवता येतं.

दुसरी गोष्ट पृष्ठभाग: गुळगुळीत, थोडा चकाकणारा, खपली नाही किंवा अगदी किंचित. घडीत ओल साचली असेल तर वरची कातडी पांढरट, भिजल्यासारखी होते. घडीच्या अगदी तळाशी, विशेषतः नितंबांच्या फटीत, उभी बारीक भेग असू शकते.

तिसरी गोष्ट रंग, आणि इथं सावध राहा. सोरायसिसचे बहुतेक फोटो गोऱ्या कातडीचे असतात आणि त्यात चट्टा लालभडक दिसतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तो जांभळट, गडद तपकिरी किंवा करडाही दिसतो. शेतात राबलेल्या, उन्हानं रापलेल्या अंगावर तर लालपणा शोधत बसण्यात अर्थच नाही. शेजारच्या चांगल्या कातडीशी ताडून बघा.

चौथी, दोन्ही बाजूंना आहे का? दोन्ही काखा, दोन्ही जांघा अशी जोडी असेल तर सोरायसिसचा संशय वाढतो. एकाच बाजूला महिनोन् महिने टिकून राहिलेला चट्टा वेगळ्या कारणानं काळजीचा आहे, त्याबद्दल पुढं लिहिलंय.

खाज असतेच असं नाही. कित्येकांना खाजेपेक्षा आग आणि चुरचुर जास्त होते.

घडी सोडून बाकीचं अंग वाचा

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी पायरी ही. घडीतला चट्टा एकटा बघितला तर अनुभवी डोळाही फसतो. पण सोरायसिस बऱ्याचदा अंगावर दुसरीकडे कुठंतरी खूण सोडतो, आणि ती खूण सापडली की चित्र बदलतं.

हाताची नखं बघा. नखावर बारीक बारीक खड्डे आहेत का, शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे? नख पुढच्या बाजूनं मांसापासून सुटलंय का? नखाखाली पिवळसर-तांबूस डाग आहे का? पायाची नखं म्हातारपणी अशीही जाड आणि पिवळी होतात, त्यांना बुरशीही लागते, म्हणून हाताच्या नखांवर जास्त भरवसा ठेवा.

मग डोकं. केसांच्या कडेला, मानेवर आणि कानामागं जाड कोंड्याचे थर आहेत का? ‘आईला कोंड्याचा त्रास जुनाच आहे’ हे वाक्य ऐकलं की केस बाजूला करून बघा. साध्या कोंड्यात डोकंभर बारीक चुरा असतो, सोरायसिसात बहुधा ठळक कडेचे जाड चट्टे असतात. त्यानंतर कोपर, गुडघे, कंबरेचा मागचा भाग.

सांध्यांचं विचारा. सकाळी उठल्यावर बोटं अर्धा तास तरी आखडलेली राहतात का? एखादं बोट मुळापासून टोकापर्यंत सुजलंय का? टाच दुखते का? सोरायसिसबरोबर सांधेदुखी असू शकते, आणि या वयात ती ‘संधिवात, वयच झालं’ म्हणून सोडून दिली जाते. ती वेगळ्या उपचारांची असते आणि दुर्लक्ष झालं तर सांधा कायमचा बिघडतो.

शेवटी घराण्यात डोकावा: भाऊ, बहीण, आई-वडील, मुलं. त्यांनाही ‘सोरायसिस’ म्हणून न विचारता, ‘कुणाच्या अंगावर वर्षानुवर्षं पांढऱ्या खपल्यांचे चट्टे होते का’ असं विचारा.

याच्यासारखं दिसणारं बाकीचं

घडीत लाल दिसणारं सगळं सोरायसिस नसतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर बुरशीच जास्त. गगनबावडा-राधानगरीकडं जून ते सप्टेंबर कपडा धड वाळतच नाही.

कँडिडा नावाची बुरशी मधुमेहींना जास्त होते. तिची कड सोरायसिससारखी स्वच्छ नसते, आणि मुख्य चट्ट्याच्या बाहेर, चांगल्या कातडीवर, छोट्या छोट्या लाल पुळ्या किंवा पुवाचे ठिपके विखुरलेले असतात. हे सुटे ठिपके तिची मोठी खूण. घडीत पांढरट थरही दिसू शकतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळं जननेंद्रियांच्या जागी अशी बुरशी होण्याचा धोका वाढतो. आबांच्या गोळ्यांत यातली एखादी असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

गजकर्ण किंवा नायटा म्हणजे दुसरी बुरशी. ही कडेकडेनं पसरते. कड उठावदार, खवलेदार आणि मधला भाग त्या मानानं निवळलेला. जांघेतून मांडीच्या आतल्या बाजूला सरकते, पुरुषांत अंडकोषाची कातडी बहुतेक वेळा सोडून देते. बायकांत परकराच्या नाडीखाली कंबरेभोवती येते. तालमीत एकमेकांचे लंगोट-टॉवेल वापरणाऱ्या पोरांकडून ती घरात येते आणि आजोबांपर्यंत पोचते. म्हणून घरात आणखी कुणाला आहे का, हे विचारायला हवं. सोरायसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही, गजकर्ण लागतं.

एरिथ्राझ्मा हा जिवाणूंचा आजार. जांघेत किंवा काखेत तपकिरी, कोरडट, बारीक सुरकुतलेला चट्टा, खाज जवळजवळ नाही. डॉक्टर खोलीत अंधार करून एका खास दिव्याखाली बघतात, तेव्हा तो पोवळ्याच्या रंगाचा चमकतो.

अंथरुणाला खिळलेल्यांना, डायपर वापरणाऱ्यांना लघवी-शौचाच्या ओलीनं कातडी सोलवटते. ती जिथं ओल टेकते तिथं, म्हणजे नितंबांच्या फुगीर भागावर आणि मांड्यांवर आधी लाल होते. घडीचा तळ बऱ्याचदा वाचलेला असतो. सोरायसिसात उलटं, तळच धरला जातो.

पार्किन्सन (कंपवात) असलेल्यांना बऱ्याचदा नाकाच्या कडेला, भुवयांत आणि छातीवर तेलकट पिवळसर कोंडा धरतो. तोच आजार काखेत-जांघेत उतरला तर सोरायसिसपासून वेगळा काढणं डॉक्टरांनाही जड जातं. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरातल्या दोघा-तिघांना एकदम त्रास, असं असेल तर ती खरूज.

आता त्या एका बाजूच्या चट्ट्याबद्दल. जननेंद्रियांजवळ, गुदद्वाराजवळ किंवा काखेत एकाच बाजूला, हळूहळू वाढणारा, कुठल्याच मलमानं न हटणारा लालसर चट्टा हा क्वचित कातडीच्या कर्करोगाचा प्रकार असतो, आणि तो वयस्कांतच दिसतो. परकराच्या नाडीखाली वर्षानुवर्षं काचून झालेल्या जखमेतही कधीतरी कर्करोग धरतो. नाडीखालची जखम भरत नसेल, कड जाड झाली असेल, रक्त येत असेल तर ‘नाडीचा काच आहे’ म्हणून गप्प बसायचं नाही.

ट्यूबचा इतिहास लिहून काढा

या भागात मला थोडं चिडूनच लिहावं लागतं. आपल्याकडं खाज म्हटलं की मेडिकलमधून एक मिश्र मलम मिळतं: एकाच ट्यूबमध्ये जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जिवाणूंचं औषध. २०१८ साली केंद्र सरकारनं त्वचेवर लावायची बरीच स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत टाकली. तरी काउंटरवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की हातात काय पडतं, ते आपण सगळे जाणतो.

अशा मलमानं दोन-चार दिवसांत आराम पडतो, तीच खरी फसगत. चट्टा सोरायसिसचा असेल तर स्टेरॉइडनं दबतो आणि थांबवलं की उसळतो. गजकर्ण असेल तर त्याचं रूपच बदलतं: कड पुसली जाते, गोल आकार मोडतो, बुरशी मात्र आत वाढत राहते. मग डॉक्टरांसमोर येतो तो ना धड सोरायसिस, ना धड गजकर्ण. शिवाय घडीतली कातडी मुळातच पातळ, दोन्ही बाजूंनी झाकलेली, म्हणून तिथं औषध जास्त मुरतं. म्हातारपणी ती आणखी पातळ असते. क्लोबेटासॉलसारखं स्टेरॉइड तिथं आठवड्यामागून आठवडे लावलं तर कातडी कागदासारखी होते, रेघा पडतात, टॉवेलनं पुसतानाही फाटते.

म्हणून घरातल्या सगळ्या ट्यूबा, संपलेल्यासुद्धा, एका पिशवीत गोळा करा. त्यांवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुटिकासोन यांपैकी नाव आहे का बघा. ही स्टेरॉइडं आहेत. कुठली ट्यूब कधीपासून, दिवसातून किती वेळा, आणि थांबवल्यावर काय झालं, हे कागदावर लिहा. करंजेल तेल, चुना, लिंबू, जंतुनाशक पाण्यातली अंघोळ, गावच्या वैद्याचा लेप, हेही लिहा. कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी लपवण्यात तोटा आपलाच.

पोटात घ्यायच्या गोळ्यांचीही यादी हवी. रक्तदाब-हृदयासाठीच्या मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळ्या, मानसिक आजारातलं लिथियम, सांध्यांसाठीचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन यांनी सोरायसिस सुरू होऊ शकतो किंवा बळावतो. दम्यासाठी किंवा गुडघ्यासाठी घेतलेलं स्टेरॉइड, गोळी असो वा इंजेक्शन, बंद झाल्यावरही तो उसळतो. ही यादी फक्त दाखवण्यासाठी आहे. यातली एकही गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. हृदयाची गोळी अचानक तोडणं चट्ट्यापेक्षा कितीतरी महागात पडतं.

डॉक्टरांकडे

त्वचारोगतज्ज्ञच गाठा. कोल्हापूर शहरात खासगी दवाखाने पुष्कळ आहेत. खर्चाचा प्रश्न असेल तर दसरा चौकाजवळचं सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. तिथं त्वचारोगाची ओपीडी चालते. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि ज्येष्ठांना बसायला जागा मिळेल असं कुणीतरी सोबत न्या. शिरोळ किंवा चंदगडहून येणार असाल तर ट्यूबांची पिशवी, गोळ्यांची यादी, फोटो आणि साखरेचे जुने रिपोर्ट आदल्या रात्रीच भरून ठेवा, नाहीतर एका चुकलेल्या कागदासाठी पुन्हा हेलपाटा.

तपासणीच्या दिवशी जागेवर काही लावून जाऊ नका. जमलं तर बुरशीचं मलम काही दिवस आधीपासूनच थांबवायचं का, हे फोनवर विचारून घ्या. मलम लावलेल्या जागी बुरशी असूनही तपासणीत सापडत नाही.

साध्या तपासण्या पुष्कळ काम करतात. चट्ट्याच्या कडेवरून बोथट पात्यानं कातडीचा चुरा खरवडून, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधतात. याला केओएच म्हणतात, दुखत नाही. डॉक्टरांनी केली नाही तर ‘केओएच करून बघायचं का?’ असं विचारायला हरकत नाही. मात्र बुरशी सापडली म्हणजे सोरायसिस नाही, असं होत नाही; सोरायसिसच्या ओल्या चट्ट्यावर कँडिडा बसू शकते. तेवढ्यानंही शंका राहिली तर तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतात. ‘तुकडा’ म्हटलं की घरात घाबरगुंडी उडते, पण जागा बधिर करून काही मिनिटांत होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

साखरेची तीन महिन्यांची सरासरी, वजन आणि रक्तदाबही याच निमित्तानं बघून घ्या. सोरायसिस असलेल्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसतात.

तोवर घरी काय

कोमट पाणी, साधा सौम्य साबण, तोही थोडाच. घासायचं नाही; मऊ सुती कापडानं टिपून कोरडं करायचं. स्तनांखाली आणि पोटाच्या घडीत जुन्या धुतलेल्या सुती साडीची किंवा धोतराची मऊ पट्टी ठेवा आणि ओली झाली की बदला. पावडर नको, घामात तिचे गोळे होऊन उलट काचतात. कपडे घरात वाळवावे लागत असतील तर आतल्या कपड्यांवरून इस्त्री फिरवा. परकराची नाडी सैल करा किंवा रुंद पट्टा लावून घ्या, कारण सोरायसिस असलेल्या कातडीला जिथं काच बसतो तिथं नवा चट्टा उठू शकतो.

ताप आला, लाली तासातासाला पसरू लागली, चट्ट्याच्या मानानं वेदना फार जास्त झाल्या, कातडी काळी-निळी पडली किंवा घाण वास आला, तर ओपीडीच्या वेळेची वाट बघू नका. मधुमेही माणसाच्या जांघेत किंवा जननेंद्रियांजवळ हे झालं तर रात्री दोन वाजताही तातडीच्या विभागात न्या. घडीत पाण्याचे फोड येऊन फुटत असतील तर तो वेगळाच आजार असू शकतो, तोही लवकर दाखवा.

सोरायसिसच निघाला तर

घडीसाठीची औषधं कोपरापेक्षा वेगळी असतात. बहुधा सौम्य स्टेरॉइड थोडेच दिवस, आणि पुढं टॅक्रोलिमससारखं स्टेरॉइड नसलेलं मलम. ते सुरुवातीला थोडं चुरचुरतं, म्हणून लगेच टाकून देऊ नका. शेजाऱ्याच्या कोपरावर गुण आलेलं सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं किंवा डांबराचं मलम जांघेत लावलं तर जागा भाजल्यासारखी होते. मलम किती घ्यायचं? मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

आजार पसरलेला असेल तर काहींना मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ज्येष्ठांच्या डब्यात रोजच्या गोळ्यांत ती मिसळली आणि रोज घेतली गेली तर जिवावर बेततं. तिचा वार पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा, ती वेगळ्या डब्यात ठेवा आणि घरातल्या एकाच माणसानं द्यावी.

औषध सुरू झाल्यावर दर आठवड्याला त्याच खिडकीजवळ फोटो काढा. सांगितल्याप्रमाणं लावूनही महिनाभरात फरक पडला नाही, तर नवी ट्यूब मागण्याआधी डॉक्टरांना विचारा: निदान पुन्हा एकदा तपासायचं का, तुकडा काढायचा का?